काँडोतली रेंटल कॅप: आकडा सोपा, यादी अवघड

शुक्रवारी दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी एका मालकाची ईमेल आली. "रेंटल स्लॉट मोकळा झालाय असं कळलं. माझं नाव लावा." त्याच आठवड्यात एका मालकिणीने ऑफिसबाहेरच्या ड्रॉपबॉक्समध्ये हाताने लिहिलेला अर्ज टाकला होता. तो सोमवारी सकाळी पेटी उघडल्यावर सापडला. त्यावर तारीख नव्हती. बाई म्हणाल्या, मी गुरुवारी टाकला. आता आधी कोण?

या एका प्रश्नावर आमच्या काँडोच्या बोर्डाच्या, म्हणजे कमिटीच्या, तीन मीटिंगा गेल्या, वकिलाचं बिल आलं ते वेगळंच. कारण आमच्याकडे रेंटल कॅप होती, म्हणजे किती घरं भाड्याने देता येतील याची मर्यादा. वेटलिस्ट असेल असंही डिक्लरेशनमध्ये (काँडोच्या नोंदवलेल्या मूळ नियमांत) एका ओळीत लिहिलं होतं. पण ती यादी कशी चालवायची याबद्दल एक शब्द नव्हता. 'यादी' म्हणजे आधीच्या मॅनेजरच्या इनबॉक्समधल्या पाच-सहा ईमेली.

सिअ‍ॅटलच्या पूर्वेच्या एका उपनगरात ९६ घरांच्या काँडोत, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या संकुलात, मी राहतो आणि गेली काही वर्षं बोर्डाचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात आहे. अमेरिकेत आपल्या मंडळींचं पहिलं घर पुष्कळदा काँडोच असतं. चार-पाच वर्षांनी नोकरी दुसऱ्या राज्यात जाते, किंवा मुलांच्या शाळेसाठी मोठं घर घेतलं जातं, किंवा तिकडे आई-बाबांचं काही होतं आणि परत जावं लागतं. तेव्हा सगळे सहज म्हणतात, "भाड्याने देऊन टाकू." आणि मग कळतं की कॅप भरलेली आहे आणि आपला नंबर अकरावा.

हा धक्का महाराष्ट्रातून आलेल्याला जास्त बसतो, कारण आपल्या डोक्यात सोसायटीचा हिशेब असतो. तिथे फ्लॅट भाड्याने दिला की नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरायचे, तेही १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, आणि विषय मिटला. अमुक इतकेच फ्लॅट भाड्याने जातील, असं तिथे कोणी म्हणत नाही. इथे नेमकं तेच म्हणतात.

पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः बोर्डावर बसलेल्यांसाठी आहे. मालकांसाठीचा भाग शेवटी आहे, पण त्यांनी मधलंही वाचावं. आपला नंबर पुढे का सरकत नाही, ते तिथे कळेल.

आधी कपाट उघडा

पहिलं काम: सगळी कागदपत्रं एका ठिकाणी आणा. डिक्लरेशन (काही राज्यांत सीसी अँड आर म्हणतात), त्यावरच्या सगळ्या दुरुस्त्या, बायलॉज, बोर्डाने वेळोवेळी केलेले रूल्स आणि मिनिट्स (मीटिंगांची इतिवृत्तं). मॅनेजरने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात जे नोंदवलेलं आहे तेच खरं. आमच्या पीडीएफमध्ये दुसऱ्या दुरुस्तीचं एक पान गायब होतं, आणि नेमकं त्याच पानावर लीज किमान किती महिन्यांचं हवं ते होतं.

मग बघा, कॅप लिहिली कुठे आहे? डिक्लरेशनमध्ये, मालकांच्या मताने आलेली असेल तर ती भक्कम. एखाद्या बोर्डाने एका संध्याकाळी ठराव करून 'रूल' म्हणून आणली असेल तर ती कोर्टात टिकेलच असं धरून चालू नका. भाड्याने देण्याचा हक्क हा मालकीचा भाग आहे. तो आखडायचा तर मालकांनाच विचारावं लागतं. यादी चालवण्याची कार्यपद्धती मात्र बोर्ड रूल म्हणून ठरवू शकतं, डिक्लरेशनने तसा अधिकार दिला असेल तर.

यापुढे राज्याचा कायदा. सगळ्या पन्नास राज्यांचं मला ठाऊक नाही, पण तीन उदाहरणांवरून फरक किती पडतो ते दिसेल.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२१ पासून असोसिएशनला (घरमालकांच्या संघाला) २५ टक्क्यांपेक्षा कमी कॅप ठेवताच येत नाही. १० किंवा १५ टक्क्यांची जुनी कॅप तुमच्या कागदात अजून छापलेली असली तरी ती लागू करू नका. जाणूनबुजून केलीत तर असोसिएशनवर १,००० डॉलरपर्यंत दंड बसू शकतो. ३० दिवस किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्यावर मात्र बंदी घालता येते. आणि मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर ते घर भाड्याचं म्हणून मोजता येत नाही.

फ्लोरिडात काँडोची नवी रेंटल दुरुस्ती दोघांनाच लागते: जे तिच्या बाजूने उभे राहिले त्यांना, आणि ती लागू झाल्यानंतर ज्यांनी घर घेतलं त्यांना. विरोधात मत दिलेल्या जुन्या मालकाला ती लागत नाही. म्हणजे तिथे बोर्डाकडे आणखी एक वही हवी: कोणत्या घराला कॅप लागू, कोणत्याला नाही.

आणि आमचं वॉशिंग्टन. बेलिंगहॅम गावातल्या एका काँडोने सुमारे दोन-तृतीयांश मतांनी ३० टक्क्यांची कॅप आणली. एक मालक कोर्टात गेला. २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाड्यावर मर्यादा घालणं म्हणजे घराच्या 'वापरात' बदल करणं, आणि त्या कायद्याखाली त्याला ९० टक्के मतं लागतात. कॅप गेली. हा निकाल १९९० नंतरच्या काँडो कायद्याखालचा आहे. २०१८ पासून नव्या इमारतींना वेगळा कायदा आहे. तुमची इमारत कोणत्या साली नोंदवली गेली यावर मतांचा आकडा ठरतो. इथे वकिलाचे पैसे वाचवू नका. नंतर दुप्पट जातात.

मोजणी

"आपल्याकडे किती घरं भाड्याने आहेत?" हा प्रश्न बोर्डाला विचारून बघा. पाच जण पाच आकडे सांगतात. आमच्याकडे मॅनेजर म्हणाला १९, जुना अध्यक्ष म्हणाला "पंचवीसेक", आणि आम्ही प्रत्येक मालकाला एक पानी फॉर्म पाठवून, मग न आलेल्यांच्या मागे लागून मोजले तेव्हा निघाले २७. कॅप होती २४.

घोळ मोजण्यात नसतो, 'भाड्याचं घर' म्हणजे काय यात असतो. म्हणून मोजायच्या आधी व्याख्या लिहून काढा. या प्रश्नांची उत्तरं तीत हवीतच:

मालक राहतो आणि एक खोली भाड्याने देतो. आमच्याकडे हे मोजत नाही. मालक घरात आहे, संपलं.

मालक राहत नाही, पण त्याचे आई-वडील, मुलं किंवा भावंडं राहतात. याची व्याख्या करताना आपल्या घरांचं चित्र डोळ्यांपुढे आणा. पुण्याहून आलेले आई-बाबा सहा महिने एकटेच राहतात कारण मुलगा डॅलसला गेलाय. धाकटा भाऊ राहतो आणि 'समजुतीने' दर महिन्याला हप्त्याएवढे पैसे दादाच्या खात्यात टाकतो. पैसे घेतले का, याचा तपास बोर्डाने करू नये, जमतही नाही. आम्ही नातं पाहतो, पैसा पाहत नाही: मालकाचे जोडीदार, आई-वडील, सासू-सासरे, मुलं, भावंडं राहत असतील तर ते घर भाड्याचं नाही. चुलत-मावस यात येत नाहीत. यावर आमच्या मीटिंगमध्ये एका देसी काकांनी जोरदार हरकत घेतली होती, "आमच्यात कझिन म्हणजे भाऊच." खरं आहे, पण रेघ कुठे तरी ओढायला लागते.

घर ट्रस्टच्या नावावर आहे. इथे पुष्कळ लोक मृत्युपत्राऐवजी लिव्हिंग ट्रस्ट करतात. ट्रस्टी किंवा लाभार्थी राहत असेल तर मालक राहतो असं धरा. एलएलसीचं, म्हणजे कंपनीच्या नावावरचं, घर असेल तर कोण राहिलं म्हणजे मालक राहिला, ते स्पष्ट लिहा.

रिकामं घर. मोजू नका, पण नोंद ठेवा.

कॅप येण्याआधीपासून भाड्याने असलेली घरं, ज्यांना इथे 'ग्रँडफादर्ड' म्हणतात. ती एकूण आकड्यात मोजायची की बाहेर ठेवायची? आमचं मत: मोजायची. त्यांना कोणी काढणार नाही, पण २४ ची कॅप असताना २७ घरं भाड्याने असतील, तर त्यातली चार कमी होऊन आकडा २३ वर येईपर्यंत नवा परवाना नाही. बाहेर ठेवली तर प्रत्यक्षात निम्मी इमारत भाड्याने आणि कागदावर कॅप पाळलेली, असला विनोद होतो.

आणि अपूर्णांक. ८४ घरांचे २० टक्के १६.८ होतात. मग १६ की १७? एक शब्द आधी लिहून ठेवला तर एक भांडण वाचतं. टक्क्यांऐवजी सरळ 'जास्तीत जास्त २४ घरं' असं लिहिलंत तर सर्वांत बरं.

कॅप किती असावी

याचं शास्त्र फारसं नाही. मुख्य कारण कर्जाचं आहे. एफएचएची (गृहकर्जांना विमा देणाऱ्या सरकारी संस्थेची) मंजुरी टिकवायची तर साधारणपणे निम्म्या घरांत मालक राहायला हवेत. २०१९ च्या नियमांनंतर काही आर्थिक अटी पाळल्या तर हे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत खाली चालतं. गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याला कर्ज देताना निम्म्या घरांची अट फॅनी मेच्या (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या) चौकटीतही वर्षानुवर्षं लावली जात आलीय. हे नियम बदलत असतात, म्हणून ठरवायच्या वेळी काँडोची कर्जं करणाऱ्या दोन लेंडरांना फोन करून ताजं विचारा. फुकट सांगतात.

५० टक्क्यांची रेघ लक्षात घेतली तर २५ ते ३५ टक्क्यांत कुठेही कॅप ठेवली तरी कर्जाच्या दृष्टीने भरपूर जागा उरते. मग लोक १० टक्क्यांसाठी का भांडतात? "भाडेकरू घर नीट ठेवत नाहीत" म्हणून. मीटिंगमध्ये हे वाक्य आलं की मी तक्रारवही उघडतो. आमच्याकडे पार्किंग आणि कुत्र्यांच्या तक्रारी मालकांविरुद्धच जास्त निघाल्या. तुमचीही वही बघा, मग आकडा ठरवा.

लहान कॅपचा खरा तोटा वेगळा आहे. यादी लांबते, आणि लांब यादी लोकांना खोटं बोलायला शिकवते.

मतदान

यात फार अडकू नका. मसुदा वकिलाकडून करून घ्या, मालकांची एक नुसती चर्चेची सभा आधी घ्या, मग मतपत्रिका काढा. किती टक्के लागतात ते कागद आणि कायदा सांगेल. एकूण घरांच्या टक्क्यांवर असेल तर मत न देणारा म्हणजे विरोधकच. त्यामुळे दारोदार फिरावं लागतं. जे मालक तिथे राहत नाहीत त्यांना फोन करावे लागतात, आणि गंमत म्हणजे ज्यांची मतं मिळणं सर्वांत कठीण तेच हे लोक. मंजूर झाल्यावर दुरुस्ती काउंटीत नोंदवायला विसरू नका. नोंदवलेली नसेल तर ती कागदाचा तुकडा आहे.

आता यादी

कॅपच्या आकड्यावर मीटिंगा रंगतात आणि यादीचं काम मॅनेजरवर ढकललं जातं. प्रत्यक्षात मालकाच्या आयुष्याला कॅपचा स्पर्श होतो तो यादीतूनच. आपल्या लोकांना हे समजावणं सोपं आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत दशक काढलेल्या माणसाला प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला क्रम ठरवणारी अर्जाची तारीख, काय असते ते सांगावं लागत नाही. मी बोर्डाला तेच सुचवलं: प्रत्येक अर्जाला प्रायॉरिटी डेट द्या, वेळेसकट. अमेरिकन सदस्यांना कल्पना आवडली. ती कुठून आली ते त्यांना माहीत नाही.

अर्ज एकाच दाराने येऊ दे. आमचा एक ऑनलाइन फॉर्म आहे आणि वेळ तो स्वतः टाकतो. कोणी कागद दिलाच तर ऑफिसात हातात घेतल्याची वेळ त्यावर शिक्क्याने पडते, आणि तीच वेळ धरली जाते. बोर्डाच्या सदस्याला लिफ्टमध्ये तोंडी सांगितलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेलं, मंडळाच्या गणपतीत कानात सांगितलेलं यातलं काहीही अर्ज नाही.

यादीतली एक ओळ अशी दिसते: सी-२०४; १४ मार्च, सकाळी ९:१२; पात्रता तपासली १८ मार्च; ऑफर नाही; क्रमांक ७. एवढंच. नाव नाही, कारण नाही. घरक्रमांकाची ही यादी मालकांच्या पोर्टलवर सगळ्यांना दिसते. ज्या दिवशी ती दिसायला लागली त्या दिवसापासून "माझं काय झालं?" या ईमेली जवळजवळ थांबल्या.

पात्रतेला आम्ही दोन गोष्टी ठेवल्या. ड्यूज (देखभालीची वर्गणी) थकलेले नसावेत. आणि डिक्लरेशनप्रमाणे मालकाने घर घेतल्यावर किमान एक वर्ष स्वतः राहिलेलं असावं, म्हणजे भाड्याच्या धंद्यासाठी घेणाऱ्याला थोडा अटकाव होतो. 'नियमभंगाची नोटीस प्रलंबित नसावी' अशी तिसरी अट काही ठिकाणी असते. मी तिच्या विरोधात आहे. नोटीस बोर्ड काढतं. उद्या एखाद्याशी वाकडं असलं की बाल्कनीतल्या कुंडीवरून नोटीस काढून त्याला यादीतून उडवता येईल.

एका घराला एकच जागा. एकाच माणसाची तीन घरं असतील तर? आम्ही असं ठरवलं की ज्याचं एकही घर भाड्याने नाही तो आधी. पण हे दुरुस्तीच्या मजकुरातच असायला हवं. रूलमध्ये घुसवलंत तर तीन घरांचा मालक वकील घेऊन येतो.

यादीतली जागा विकता येत नाही. घर विकलं की संपली. नवरा-बायकोत नाव बदललं, घर ट्रस्टमध्ये गेलं, वारसाने आलं, तर मात्र जागा टिकते.

स्लॉट मोकळा झाला की पहिल्या क्रमांकाला ऑफर जाते, ईमेलने आणि टपालानेही. उत्तर द्यायला १० दिवस. हो म्हटल्यावर सही केलेलं लीज आणून द्यायला ९० दिवस. आधी आम्ही ६० ठेवले होते. मग एकाला ऑफर नोव्हेंबरात गेली. सिअ‍ॅटलच्या पावसात, सणासुदीत, घर बघायला कोण येतं? बिचाऱ्याचा स्लॉट जानेवारीत गेला आणि त्याने जी ईमेल लिहिली तिच्यातला प्रत्येक शब्द बरोबर होता. तेव्हापासून ९०.

एकदा नकार दिला तर जागा कायम. दुसऱ्यांदा दिला तर शेवटी. नाहीतर वरचे पाच जण 'असू दे, पुढे कधी तरी' म्हणून बसून राहतात.

सर्वांत कठीण प्रश्न: स्लॉट मोकळा कधी होतो? घर विकलं, किंवा मालक परत राहायला आला, की होतोच. पण भाडेकरू गेला आणि घर रिकामं आहे, तर? आमच्याकडे ९० दिवसांत नवीन लीज नसेल तर स्लॉट जातो. यातून पळवाट निघाली. एकाने मामेभावाशी महिना एक डॉलरचं लीज केलं, भाऊ राहायचा ओहायोत. घर रिकामं, स्लॉट अडवलेला. आता लीज किमान सहा महिन्यांचं लागतं, भाडेकरूचं नाव पोर्टलवर नोंदवावं लागतं आणि तो प्रत्यक्ष राहत असावा लागतो. भाड्याची रक्कम मालकाने खोडून दिली तरी चालते. तिच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.

काही असोसिएशन परवान्याला मुदत घालतात: तीन वर्षं भाड्याने द्या, मग यादीच्या तळाशी जा. ऐकायला फार न्याय्य वाटतं, आणि यादी हलते हे खरंच. पण मुदत संपली तेव्हा आत एक कुटुंब राहत असतं. न्यू जर्सीत १९७४ च्या कायद्यापासून निव्वळ लीज संपलं म्हणून बहुतेक भाडेकरूंना काढता येत नाही, कायद्यात दिलेलं कारण लागतं. वॉशिंग्टनमध्येही २०२१ पासून बहुतेक वेळा तसंच. म्हणजे असोसिएशन मालकाला म्हणणार 'काढ', आणि राज्य म्हणणार 'काढू नको'. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या काँडोत हे करण्याआधी दहादा विचार करा. मुदत घालायचीच असेल तर ती राहत असलेल्या भाडेकरूच्या लीजबरोबर संपेल अशी नाही, तर तो भाडेकरू आपणहून गेल्यावर संपेल अशी लिहा. यादी हळू हलेल, पण कोर्टात जायची वेळ येणार नाही.

आणि यादी वर्षातून एकदा झाडा. जानेवारीत सगळ्यांना ईमेल: अजून हवंय का? उत्तर आलं नाही म्हणून लगेच नाव काढू नका. दुसरी ईमेल, मग टपाल, मग फोन, आणि एकूण ४५ दिवस. आमच्या पहिल्या झाडणीत १७ पैकी ६ नावं आपणहून गेली. एकाने घर केव्हाच विकलं होतं.

त्या शुक्रवारच्या ईमेलचं आणि ड्रॉपबॉक्समधल्या अर्जाचं काय झालं? नियम नव्हता, म्हणून वकिलाच्या सल्ल्याने दोघांची लेखी संमती घेऊन चिठ्ठ्या टाकल्या. स्टीलचा डबा माझ्या घरचा होता. बाईंचं नाव निघालं. त्या गृहस्थांना सात महिन्यांनी स्लॉट मिळाला. अजून जिन्यात भेटले की ते मला घड्याळ दाखवतात.

अडचणीतल्यांसाठी वेगळं दार

हार्डशिपची सोय नसलेली कॅप क्रूर असते. एका मालकाच्या वडिलांना सांगलीला पक्षाघात झाला. त्याला वर्षभर तरी जायचं होतं, हप्ता चालू, यादीत नंबर नववा. अशा वेळी बोर्डाने "नियम म्हणजे नियम" म्हटलं तर घर रिकामं ठेवून तो कर्जात बुडणार, ड्यूजही थकणार.

म्हणून प्रकार लिहून ठेवा: नोकरीची दूर बदली, सैन्यात तैनाती, स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, मालकाचा मृत्यू, घटस्फोट. परवाना १२ महिन्यांचा, एकदाच वाढवता येईल असा. तो कॅपच्या बाहेर असावा, पण त्यालाही वरची मर्यादा हवी; आमच्याकडे एका वेळी चार. कागद कमीत कमी मागा. मेडिकल रिपोर्ट बोर्डाच्या हातात नकोतच, डॉक्टरचं किंवा हॉस्पिटलचं एका ओळीचं पत्र पुरे.

निर्णय लेखी, कारणासकट. आज एकाला हो आणि सहा महिन्यांनी तशाच दुसऱ्याला नाही म्हणालात, तर का ते कागदावर दिसायला हवं. १९६८ चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट वंश, वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश, मुलंबाळं असणं आणि अपंगत्व यांवरून भेदभावाला मनाई करतो, आणि तो असोसिएशनलाही लागतो. भाडेकरूच्या मुलाखती घेण्याचा मोह बोर्डांना होतो. घेऊ नका. आमच्या गणपती मंडळातल्या मित्राचा अर्ज आला तेव्हा मी खोलीबाहेर गेलो आणि तसं मिनिट्समध्ये लिहायला लावलं. त्याला वाईट वाटलं. असू दे.

कोणी गुपचूप दिलं तर

कळतंच. सामान चढवताना लिफ्टला पॅडिंग लावायची बुकिंग, पार्किंग स्टिकरचा अर्ज, टपालपेटीवरचं नवं नाव. यासाठी कोणाच्या दारावर नजर ठेवू नका, मालकाला फक्त लेखी विचारा. मग नोटीस, बाजू मांडायची संधी, मग दंड, याच क्रमाने. दंडाचा आकडा मात्र डोकं लावून ठरवा. भाडं २,८०० डॉलर आणि दंड महिना १०० असेल तर तो दंड नाही, परवाना फी आहे. लोक आनंदाने भरतात. आणि राग मालकावर काढा. भाडेकरूने लीज करून पैसे मोजलेत, त्याला यातलं काही माहीत नसतं. चालू लीज संपेपर्यंत त्याला राहू द्यावं, नव्याने करू देऊ नये, हा आमचा मार्ग.

तुम्ही मालक असाल तर

घर घेण्याआधी रिसेल सर्टिफिकेटमध्ये (विक्रीच्या वेळी असोसिएशन देते त्या माहितीपत्रात) चार गोष्टी शोधा: कॅप किती, आज भाड्याने किती, यादीत किती जण, गेल्या दोन वर्षांत किती स्लॉट सुटले. शेवटचा आकडा सहसा छापलेला नसतो, मॅनेजरला ईमेल करून लेखी घ्या. यादीत १० जण आणि वर्षाला दोन स्लॉट म्हणजे पाच वर्षं. एजंट 'रेंटल्स अलाउड' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, अर्धंच सांगत असतो.

आज भाड्याने द्यायचं नसलं तरी पात्र झालात की यादीत नाव घाला. सहसा फुकट असतं, आणि आमच्याकडे तरी एकदा नकार दिला म्हणून जागा जात नाही.

स्लॉट मिळाला की तीन फोन करा. कर्जवाल्याला: स्वतः राहण्यासाठी म्हणून घेतलेल्या कर्जात किमान एक वर्ष राहायची अट बहुधा असते. विमावाल्याला: मालक राहतो असं गृहीत धरलेली एचओ-६ पॉलिसी भाडेकरू आल्यावर तशीच ठेवली तर ऐन वेळी क्लेम अडतो. आणि भारतात परत जात असाल तर कर सल्लागाराला. कराच्या दृष्टीने तुम्ही इथले रहिवासी राहिला नाहीत की तुमच्या एकूण भाड्यातून ३० टक्के कापून सरकारला भरायची जबाबदारी भाडेकरूवर किंवा भाडं गोळा करणाऱ्या एजंटवर येते. खर्च वजा करून उरलेल्या नफ्यावरच कर भरायचा असेल तर तशी निवड करून डब्ल्यू-८ईसीआय फॉर्म त्यांना आधी द्यावा लागतो आणि दर वर्षी १०४०-एनआर (अनिवासींचं कर विवरणपत्र) भरावा लागतो. हा फॉर्म पहिल्या महिन्याचं भाडं येण्याआधी हातात पडला पाहिजे. पुण्याला पोचून सामान लावल्यावर आठवून उपयोग नाही.